नुसतं 'हं'

"बारा कोसांचा माळ हुता," धुळाप्पा म्हणाला आणि थांबला.

इथं 'हं' यायला हवं होतं. आलं नाही.

नव्या पेठेतल्या कापडवाल्यांनी दुकानांमागच्या पटांगणात मांडव घातला होता. धुळाप्पा धनगराच्या अंगावर नवी शाल, मांडीवर नारळ आणि आयुष्यात पहिल्यांदाच बुडाखाली खुर्ची. तीस वर्षं माळावर, देवळात गोष्टी सांगून त्याचं नाव पेठेच्या कानावर गेलं होतं, म्हणून आज त्याचा सत्कार. भाषणं उरकली होती. आता काळ्या मेंढीची गोष्ट व्हायची होती.

समोर सतरंजीच्या कडेला त्याचा थोरला भाऊ तात्याबा आपल्या घोंगडीवर बसला होता. मूग गिळून. धनगराची गोष्ट एकट्याची नसते. एकानं सांगायची आणि दुसऱ्यानं नेमक्या जागी 'हं' म्हणायचं. ते आल्याशिवाय पुढचं वाक्य टाकायचं नाही, हा रिवाज. धुळाप्पाच्या गोष्टीला तीस वर्षं तात्याबाचं 'हं' होतं. रिवाज राहू द्या, त्या 'हं'शिवाय धुळाप्पाला पुढचं आठवतच नसे. हे त्याला आज, दोनशे माणसांसमोर कळत होतं.

"बारा कोसांचा माळ हुता!" तो मोठ्यानं म्हणाला.

लोकांना वाटलं, इथं टाळ्या वाजवायच्या असतात. त्यांनी वाजवल्या. सभेचे अध्यक्ष शिवयोगी वकील साक्षीदाराला घाई करावी तसे "हं, हं, हं, पुढे" म्हणाले. धुळाप्पाच्या डोक्यात होतं नव्हतं तेही गेलं.

"तात्या, बोल की," तो दातओठ खात म्हणाला.

"काय बोलू?" तात्याबानं आवाज मुळीच दाबला नाही. "सकाळी वकीलसायबानी इचारलं, ह्यांनाबी वर खुर्ची मांडू का. तू काय म्हनलास? कशाला, बसंल की त्यो खाली, त्याला नुसतं 'हं' तर म्हनायचं असतंय. नुसतंच हाय, तर माझं काय अडलंय?"

लोक हसले. धुळाप्पाचे कान तापले.

"चारचौघांत माझी अब्रू घालवतोस?"

"मी तर गप बसलोय. माझ्या गप बसन्यानं तुझी अब्रू जाती व्हय?"

वकिलांनी घड्याळ काढून पाहिलं. तेव्हा धुळाप्पानं दुसरीच गोष्ट धरली.

"एक धनगर हुता. त्याच्यासंगं एक गडी हुता."

तात्याबा मांडवाच्या कापडाकडे बघत राहिला.

"गडी न्हवं. भाऊ हुता."

काही नाही.

"थोरला भाऊ हुता."

"हं," तात्याबा म्हणाला.

धुळाप्पाच्या छातीवरचा धोंडा हलला, आणि हलला याचाच त्याला राग आला.

"गोष्ट थोरल्याची हुती. बापानं त्याला दिली हुती. धाकल्याला न्हाय."

"हं."

"पलेगच्या साली थोरल्याचा गळा गेला. देवाफुडची गोष्ट मोडू ने म्हनून धाकला हुबा ऱ्हायला. तवापासनं धाकला सांगतोय, थोरला 'हं' म्हनतोय. थोरल्याचं लई उपकार हायत." त्यानं हात जोडले.

टाळ्यांचा पाऊस पडला. वकिलांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि ते शेजाऱ्याला म्हणाले, "काय ही कृतज्ञता! शिकण्यासारखी आहे." धुळाप्पाला वाटलं, सुटलो.

टाळ्या थांबल्यावर सतरंजीच्या कडेवरून आवाज आला.

"हं. फुडं?"

पुढं काय, ते त्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं. पुढच्या साली लोकर कातरायच्या वेळेला तात्याबाचा गळा मोकळा झाला होता. तो देवळात येऊन आपल्या जागेपाशी उभा राहिला, आणि धुळाप्पा जागचा हलला नव्हता. "औंदा मीच सांगतो," म्हणाला होता. ते औंदा तीस वर्षं चाललं होतं.

"संपली गोष्ट," धुळाप्पा म्हणाला.

"न्हाय संपली." तात्याबा उठला. घोंगडी झटकून त्यानं खांद्यावर टाकली. "सांगतोस, का जाऊ मी? मग बस खुर्चीवर नारळ घिऊन."

हा माणूस गेला, तर आजचीच काय, कुठलीच गोष्ट पुन्हा आपल्या तोंडून निघायची नाही, हे धुळाप्पाला लख्ख दिसलं. त्या घडीला त्याला भावाचा जेवढा तिटकारा आला तेवढा उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता. मग तो मांडीवरच्या नारळाकडे बघत बोलला.

"फुडल्या साली थोरल्याचा गळा आला. धाकल्यानं जागा सोडली न्हाय."

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वकील शालीकडे बघू लागले.

"हं," तात्याबा म्हणाला. त्यानं घोंगडी पुन्हा अंथरली, मांडी घातली आणि वर भावाकडे नजर लावली.

"बारा कोसांचा माळ हुता," तात्याबाच म्हणाला. आवाज म्हातारा, पण खणखणीत होता. आणि तो थांबला.

सगळा मांडव खुर्चीकडे बघत होता. कशासाठी, ते धुळाप्पाला जरा उशिरानंच कळलं.

"हं," तो म्हणाला.

"माळावर एक तळं हुतं. तळ्याला..."

"हं."

"चुकलं," तात्याबा म्हणाला. "हितं न्हाय."

आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, "बारा कोसांचा माळ हुता."