कासवाचा कप

“अरे, तुझं घर तुझ्या पाठीवरच आहे की!” कर्टिस म्हणाला आणि त्याने बदलीचा कागद ऑरिनपुढे सरकवला. “तू कासव. तुला इथलं क्रुकस्टन काय नि तिकडचं विलिस्टन काय! तीन वाजता टपालवाला येईल, तोवर सही करून ठेव.”

सगळी कचेरी हसली. ऑरिनही हसला. शेतकऱ्यांना गारपिटीचा विमा विकणारी बारा माणसं, आणि त्यांतल्या एकाला तीन वर्षांसाठी विलिस्टनला जायलाच हवं होतं. कुणाला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. साहेबांच्या, म्हणजे कर्टिसच्या, हातात सिंहाचा कप होता, ऑरिनच्या हातात कासवाचा. आणखी विचारायचं काय राहिलं?

सकाळी लव्हॉनने टोस्टला लोणी लावता लावता सांगून टाकलं होतं, “तीनदा या बायकोने खोकी बांधली नि परत इथे येऊन सोडली, ऑरिन. चौथ्यांदा नाही. तू जा. मी इथेच राहीन.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लोणी अगदी कडेपर्यंत नीट लावलं.

हे कासव आलं ते एकोणीस वर्षांपूर्वी कचेरीत झालेल्या स्वभावपरीक्षेतून. शंभर प्रश्न होते. निकालाच्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या स्वभावाच्या प्राण्याचं चित्र असलेला कप मिळाला आणि सोबत एक कार्ड. ऑरिनचं कार्ड अजून घरच्या फ्रिजवर आहे : ‘कासव. शांत, सोशिक. तक्रार करत नाही. कुठेही रुजतं.’ पहिल्या वर्षी तो म्हणाला, छे, हा काही मी नव्हे. दुसऱ्या वर्षी म्हणाला, थोडंफार आहे खरं. पाचव्या वर्षी पहिली बदली आली तेव्हा त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “मला काय, कुठेही चालेल.” त्यानंतर त्याची मान आत जायला लागली. खोटं वाटेल, पण दर दोन वर्षांनी कॉलरवरची मान अर्ध्या इंचाने कमी व्हायची. उणे तीसच्या थंडीतसुद्धा त्याला गळपट्टा लागेनासा झाला. गुंडाळायला मान तर हवी ना!

पावणेतीन वाजले. ऑरिनने पेन उघडलं, मिटलं, आणि कपबशा पुसायला आत गेला. कासवाला तेवढंच सुचतं.

मोरीपाशी आर्डिसबाई कप विसळत होत्या. चाळीस वर्षं कचेरीतल्या माणसांच्या फायली सांभाळून आज त्या निवृत्त होत होत्या. त्यांनीच केलेल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या बाहेर टेबलावर संपत आल्या होत्या. संपत आल्या होत्या म्हणजे एक उरली होती, आणि ती काही केल्या संपत नव्हती. या गावात शेवटची वडी अख्खी उचलणं म्हणजे चर्चमध्ये शीळ घालणं. जो येई तो निम्मी कापून नेई, दुसरा उरलेल्याची निम्मी. विटेएवढी वडी आता काडेपेटीएवढी झाली होती आणि अकरा माणसं तिच्याकडे बघायचं टाळत उभी होती.

“आर्डिसबाई,” ऑरिन कप पुसत म्हणाला, “ती परीक्षा... तिच्यात काही चूक झाली असेल का हो?”

“चूक?” बाईंनी त्याच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. “अरे राजा, त्या बारांत तुझा एकट्याचाच तर बरोबर आहे.”

ऑरिनने मान हलवली. राहिली होती तेवढी. एकोणीस वर्षं जपून ठेवलेली शंकेची एक बारीकशी फट होती, तीही बुजली. त्याने खिशातून पेन काढलं.

मग ते तसंच धरून त्याने विचारलं, “माझा एकट्याचा? म्हणजे बाकीच्यांचे?”

बाईंनी दाराकडे पाहिलं, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाआड म्हणाल्या, “आता काय, आज सुटलेच मी. ऐक. ‘तुम्हाला पुढे व्हायला आवडतं का?’ असं विचारल्यावर आपल्या गावात ‘हो’ कोण लिहिणार? एकाने लिहिलं नाही. निकाल आला तर बाराच्या बारा कासवं! आणि मुख्य कचेरीने पाठवलेले कप बारा तऱ्हेचे. कासवाचा एकच. मी काय करणार? चिठ्ठ्या टाकल्या.”

“आणि कर्टिस?”

“तो?” बाई खुदकन हसल्या. “त्याने तर उत्तरांच्या कागदावर स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं. म्हणाला, आधी इतरांची नावं लिहा. चिठ्ठीत सिंहाचा कप हातात आला, आणि दोन महिन्यांत साहेब झाला.”

ऑरिन बाहेर आला. टपालाची गाडी आवारात वळत होती. कर्टिसने भुवया उंचावून कागदाकडे बोट दाखवलं.

ऑरिन टेबलापाशी गेला. त्याने शेवटची वडी उचलली. सुरी बाजूला राहिली. वडी अख्खीच्या अख्खी तोंडात घातली आणि सावकाश, शेवटच्या कणापर्यंत, सगळ्यांच्या देखत चावून खाल्ली. कुणाचा तरी चमचा खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

“मी जाणार नाही,” ऑरिन बोटं पुसत म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच नवा वाटला. त्याने बदलीचा कागद उचलून कर्टिसपुढच्या सिंहाच्या कपाखाली ठेवला. “पण कुणाला तरी जायला हवं ना, कर्टिस?”

कर्टिसने खोलीभर पाहिलं. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. त्याची मान हळूहळू, बोटा-बोटाने, कॉलरच्या आत जाऊ लागली.

“नाही, म्हणजे...” सिंह पेन शोधत पुटपुटला, “मला काय, कुठेही चालेल.”