आठदा सोडलेली दारू

दारूपायी घरं भिकेला लागतात, म्हणून व्यसनमुक्ती मंडळानं त्या उन्हाळ्यात पहूरपासून पाचोऱ्यापर्यंत गावोगाव कीर्तनं लावली होती. कीर्तन रंगात आलं की बुवा हाक घालायचे. ज्याला दारू सोडायची तो पुढे येऊन तुळशीच्या माळेवर हात ठेवायचा, आणि मंडळाचा कार्यकर्ता रुपचंद त्याचं नाव वहीत लिहायचा. महिन्याभरानं घरोघर फिरून शपथेवर कोण टिकलं, हे बघायचं कामही त्याच्याच गळ्यात होतं.

वही चाळता चाळता रुपचंद चपापला. पहूरच्या म्हाताऱ्या वनाचं नाव आठ गावांत आठ वेळा लागलेलं!

तो तडक वनाच्या खोपटात गेला. बाटली कुठे दिसेना, वास येईना. चुलीपाशी एकच ताट पालथं पडलेलं.

"आठदा दारू सोडली तुम्ही, वना आबा! मधे पिता तरी केव्हा?"

"म्या त ती कधी तोंडाले लावलीच नाई, भाऊ," वना खालमानेनं म्हणाला.

"मग आमची गणती कशाला नासवता? उद्या शेंदुर्णीला पुढे आलात, तर सगळ्यांदेखत मागे बसवीन."

 वनानं चटकन रुपचंदचा हात धरला.


"तेवढं नका करू, भाऊ. शपथ घेतली का बुवा पोटाशी धरतात. दुसरं कोन धरतं मले?"