बटणांचा डबा

सुट्टीत कंटाळलेली धाकटीची मुलं सांभाळायला थोरली बहीण आली आणि धाकटीच्या पोटात दुखू लागलं. महागडी खेळणी धूळ खात पडली आणि मुलं दिवसभर मावशीच्या बटणांच्या डब्याला चिकटली. आई ऑफिसातून आली, तरी कुणी मान वर करेना. “काय जादू करतेस गं ताई?” तिनं हसून विचारलं, पण कप जरा आपटूनच ठेवला. रविवारी ताईला बाजारात पिटाळून तिनं स्वतःच डबा उघडला. “चला, रंग वेगळे करू!” “असं नसतं गं, आई!” शेंडेफळ वैतागलं. “‘आई कधी येणार’ विचारलं, की मावशी एक बटण काढते. हे पिवळं, तू झाडावरून पडलीस त्या फ्रॉकचं. हे लाल, तू मावशीचा चोरून घातलास त्याचं.” ताई परतली तेव्हा धाकटी मुलांमध्ये मांडी घालून बसली होती. “ताई, हे निळं कुठलं गं?”