पुढच्याची पाठ

"नाव पडद्यावर लागेल, काका. लागलं की त्या समोरच्या दारातून आत जायचं. हल्ली पुकारत नाहीत," दवाखान्याच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. "लांबून वाचता येईल ना?"

"न यायला काय झालं," गवंडी म्हणाला.

त्याने बायकोला हाताला धरून बाकावर बसवलं. तिला धाप लागली होती. जिना चढला की तिचे ओठ निळे पडायचे. छातीचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत. मागच्या खेपेला गर्दीत पाळीच आली नाही, म्हणून आज उजाडताच दोघं येऊन बसली होती.

पडद्यावर नावं सरकत होती. गावाकडे बायको चार इयत्ता शिकलेली. बाजारातल्या पाट्या तीच वाचायची आणि नवऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवायची. इथली लिपी निराळी निघाली. इथली बोली दोघांनी ऐकून ऐकून उचलली, पण अक्षरं काही कानांनी शिकता येत नाहीत. "बरी जिरली माझी," ती म्हणायची, "आता आपण दोघं एकाच माळेचे मणी."

गवंड्याची एक रीत होती. पुढच्याची पाठ धरायची. गाव सोडून पळावं लागलं तेव्हा माणसांच्या लोंढ्यात तो असाच चालत आला होता. इथे आल्यावर बस, रेशन, कामाची जागा, सगळं त्याच रीतीने निभावलं. आज खिडकीपाशी त्यांच्या पुढे मानेला पट्टा बांधलेला एक माणूस होता. तो आत जाऊन आला की आपली पाळी. साधा हिशोब.

तो माणूस काही उठेना. बाकीचे पडद्याकडे बघत, उठत, आत जात. बाक रिकामे होत चालले.

"अहो, कुणाला तरी विचारा ना," बायको हळूच म्हणाली.

विचारलं की माणूस उघडा पडतो, हे गवंड्याला ठाऊक होतं. मुकादमाने एकदा त्याला चारचौघांत गोणीवरचं वाचायला लावलं होतं. त्यानंतर कामावरची माणसं कितीतरी दिवस त्याला 'मास्तर' म्हणून हाक मारत होती.

"कळ काढ जरा," तो म्हणाला. "तो बघ, अजून बसलाय की तिथंच."

दुपार कलली. एक तरुण बाई लगबगीने आली आणि तिने त्या पट्टा बांधलेल्या माणसाला हात देऊन उठवलं. गवंडी धडपडत त्यांच्यापाशी गेला. तुमचं नाव अजून कसं लागलं नाही, त्याने विचारलं. मान वळत नव्हती म्हणून तो माणूस अख्खाच्या अख्खा वळला. माझं कशाला लागेल, तो म्हणाला, मी नुसती पुढची तारीख विचारायला आलो होतो. लेक कामावरून सुटेपर्यंत टेकलो होतो इथं.

गवंडी खिडकीकडे धावला. मुलगी आवराआवर करत होती. डॉक्टर नुकतेच गेले, तिने सांगितलं. मग कपाळाला हात लावला. "काका, तुमचं नाव कधीचं लागलंय. बघा की, वर आता तेवढं एकच उरलंय. होतात कुठे?"

गवंड्याने पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. भिंतीचा आधार घेत बायको मागून येत होती.

"ही," तो म्हणाला, "ही बाहेर जाऊन बसली होती. हाका मारून मारून थकलो."

मग मुलीने बायकोला धारेवर धरलं. मावशी, जीव तुमचा की आमचा? इथे लोक पाळीसाठी हमरीतुमरीवर येतात आणि तुम्ही खुशाल बाहेर हवा खात बसता. आता पुढच्या महिन्यात या.

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने मान वर केली नाही. तिचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. तोवर मुलीने पडदा बंद करायला हात पुढे केला होता.

"थांब ग, पोरी," बायको म्हणाली. "तिथं माझं नाव कुठून कुठवर आहे, ते बोट लावून दाखव. नीट बघून ठेवते. पुढच्या महिन्यात मी एकटीच येणार आहे."