झटक्यात उघडणारं पान

"पुन्हा बसली," डेसमंड म्हणाला. वॉरिंगल खोऱ्यातल्या वणव्याची खबर देणारी वेबसाइट सकाळपासून सारखी बंद पडत होती.

वेबसाइट चालू ठेवायचं काम ब्रॉनविनचं आणि खोऱ्यात तिचे बाबा एकटे, सोबतीला दोन कुत्री. तिने फोन लावला.

"बाबा, निघा ना आता."

"वेबसाइट निघा म्हणेल तेव्हा निघेन. गेल्या उन्हाळ्यात तुझं ऐकून शाळेच्या हॉलमध्ये जाऊन झोपलो, आणि आग इकडे फिरकलीसुद्धा नाही. पण तुझं ते पान उघडतंय कुठे? चहा होतो तोवर."

"उघडेल. बघते मी."

जुना सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाला पान नव्याने रचून द्यायचा. सगळं खोरं एकदम आलं की त्याला धाप लागायची. नवा हुशार होता. एकदा रचलेलं पान जवळ ठेवायचा आणि येईल त्याच्या हातात तेच द्यायचा. ब्रॉनविनने दोघांना शेजारी शेजारी पळवून पाहिलं होतं. नव्यासमोर जुन्याचा टिकाव लागत नव्हता. चाचण्या अर्ध्याच झाल्या होत्या, पण आता थांबायला वेळ कुणाला होता? तिने सगळी गर्दी नव्याकडे वळवली.

"चाचण्या बाकी आहेत अजून," डेसमंड म्हणाला.

"त्या नंतर. तू वारा बघ."

दुपारी वारा फिरला. दक्षिणेकडून सुटला तो थेट खोऱ्यावर. रेडिओवर कुणीतरी ओरडून सांगत होतं, वणव्याने नदी ओलांडली. डेसमंडने भराभर इशारा टाइप केला, 'वॉरिंगल, आत्ताच्या आत्ता निघा', आणि वेबसाइटवर चढवला.

गर्दी तुटून पडली. आता हा बसला तर बाबा गेले, एवढंच ब्रॉनविनच्या डोक्यात होतं.

नवा सर्व्हर जागचा हलला नाही. ज्याने मागितलं त्याला पान मिळत होतं, मागितल्याबरोबर.

"मानलं बाई तुला," डेसमंड म्हणाला.

तिला रडूच आलं. तेवढ्यात बाबांचा फोन आला. मागे कुत्री जिवाच्या आकांताने भुंकत होती.

"निघालात ना, बाबा?"

"कशाला? धूर जरा जास्त झालाय, म्हणून आत्ताच पुन्हा पाहिलं. कसं झटक्यात उघडतंय गं आता. आणि सकाळपासून तेच तर लिहिलंय, आग नदीपलीकडे, घरीच थांबा."