ग्रुबरचं चिलखत

अमेरिकन फुटबॉल संघातला नवा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सांगून चेंडू फेकणारा खेळाडू, ठेवायचा की त्याला नारळ द्यायचा, हे सहायक प्रशिक्षक ब्रॅनिगनला आज मुख्य प्रशिक्षकांना सांगायचं होतं. पोराची फेक अचूक. पण सरावानंतर जुन्या खेळाडूंची खांदे-छाती झाकणारी चिलखतं नव्यांनी वाहायची या रिवाजात तो इतका रमला होता, की मैदानावरही त्याचे हुकूम विनंतीअर्जासारखे निघायचे. शेवटच्या सरावात तो डाव सांगू लागला, तेव्हा बारा वर्षं मुरलेला ग्रुबर खेकसला, “हमाला, ऐकू येईल असं बोल!” सगळे खिदळले. पोरगा म्हणाला, “काका, तुमचं चिलखत संध्याकाळी उचलतो. आत्ता तोंड मिटा आणि ऐका.” ग्रुबरनं मुकाट्यानं ऐकलं. चेंडू चाळीस यार्ड गेला आणि झेलणाऱ्याच्या हातून निसटला. सराव संपल्यावर मुख्य प्रशिक्षकांनी विचारलं, “नारळ?” ब्रॅनिगननं चेंडूकडे पाहिलंच नव्हतं. त्यानं बोट दाखवलं. ग्रुबर स्वतःचं आणि पोराचं चिलखत खांद्यावर टाकून निघाला होता. “हमाल बदललाय.”