आईचे शब्द

"पाणी," आई म्हणाली.

धाकटीच्या हातातला पेला पडता पडता राहिला. आई जाऊन इतके दिवस झाले, तरी सवय होत नव्हती. पलंगावर बाबा बसले होते. मांडीवर टॅब, डाव्या हाताचं बोट पाण्याच्या चित्रावर.

अर्धांगाच्या झटक्यानं बाबांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. कळायचं सगळं, शब्द तेवढा सापडायचा नाही. म्हणून हा टॅब. चित्र दाबलं की शब्द बोलतो. एकूण एक शब्द आईनं स्वतःच्या आवाजात भरलेला, तोही भांडी घासता घासता. प्रत्येक शब्दामागं नळ वाहत असायचा.

"घ्या बाबा, पुरवून प्या," धाकटी म्हणाली. "सकाळपासून नळ कोरडाठाक आहे." मग थोरल्याकडं वळली. "दादा, टॅबमधला आईचा आवाज आजच पुसून टाक. मेलेली बाई दिवसभर 'संडासला लागली' म्हणून हाका मारते. वेड लागायची पाळी आलीय मला."

"बघ हां. दुसरीकडं कुठंच नाही तिचा आवाज. गेला की गेला."

"कळतं मला. कुक्कुलं बाळ नाहीये मी."

थोरल्यानं टॅब हळूच ओढून घेतला. पाण्याचं चित्र दाबून धरलं, आईचा शब्द काढला, मशीनचा घातला. करून बघितलं. "पाणी," एक परका पुरुष म्हणाला. स्वच्छ, कोरडा आवाज. नळबिळ काही नाही.

"एकेक कशाला? सगळे एकदम काढ," धाकटी म्हणाली. तिला फक्त लवकर संपायला हवं होतं.

पडद्यावर आलं: सगळे आवाज पुसायचे? थोरल्याचं बोट खाली आलं, आणि मधेच बाबांचा हात आला. तो प्रश्न बाजूला सारून पुन्हा चित्रांवर गेला.

"थांब!"

आईचं ते जुनं खेकसणं. थोरल्यानं हात असा मागं घेतला, जणू पाठीत धपाटा बसणार होता.

बाबांचं बोट चित्रांवरून सरकत गेलं. "मी." नळ. "अंधार." नळ. "नको."

खिडकीतून लख्ख ऊन बाबांच्या पायांवर पडलं होतं.

"कुठाय अंधार बाबा?" धाकटीचा आवाज चिरकला. "भरदुपार आहे!"

बाबांनी मान हलवली नाही. ते टॅबकडं बघत होते, समोरचं माणूस बोलता बोलता थांबलंय आणि आपण पुढचं ऐकायची वाट बघतोय, तसं.

धाकटी पलंगाशी खाली बसली. विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलं. "हे तुम्ही बोलताय, का आई?"

बोट हवेत थांबलं. मग खाली आलं.

"हो."

"हो काय हो? कोण ते सांगा ना!"

"अगं, त्यांचं हो-नाही चुकतं," थोरला घाईघाईनं म्हणाला. "बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्यात ना. मनावर नको घेऊ."

पण टॅब त्यानं पालथा घातला. मग उचलून बंदच केला. पडदा काळा झाला.

नळ वाहतच राहिला.

दोघंही स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले. बंद करायला कुणीच उठलं नाही.